चेकर शिगवण आणि दुसरा गरुडवीर

तानाजी शिगवणांना कुणी वाटेत नमस्कार केला, तर ते आधी त्या माणसाच्या मागे कोण उभं आहे ते बघतात आणि मग नमस्काराला उत्तर देतात. दुधाची पिशवी ते उजेडात धरून बघतात. रिक्षावाल्याने कुरकुर न करता सुटे पैसे दिले, तर त्या दिवशी त्यांना नीट जेवण जात नाही. डोंबिवलीतल्या त्यांच्या सोसायटीत लिफ्ट बदलली, तेव्हा खरंच नवी बसवली की जुनीलाच रंग मारला हे बघायला हा साठीला टेकलेला गृहस्थ लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. लिफ्ट नवीच होती. "एवढी नवी कशी काय?" असं पुटपुटत ते वर आले.

"हा माझा स्वभाव नाही, धंदा आहे," असं ते सांगतात. त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं, म्हणणं असं की लग्न झालं तेव्हा धंदा वेगळा होता आणि स्वभाव हाच होता.

तरी धंद्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. शिगवण चेकर आहेत. रेल्वेचे नव्हेत, सिनेमाचे. वितरक सिनेमा विकत घेतो, टॉकीजवाला तो पडद्यावर दाखवतो आणि तिकिटाच्या पैशात दोघांचा वाटा असतो. आता टॉकीजवाल्याने आत चारशे माणसं बसवली आणि वितरकाला अडीचशेच सांगितली, तर ठाण्यात ऑफिसात बसलेल्या वितरकाला ते कळणार कसं? म्हणून तो आपला एक माणूस टॉकीजवर बसवतो. त्या माणसाने दिवसभर करायचं एकच, संशय घ्यायचा. मल्टिप्लेक्स आली, मोबाइलवर तिकिटं आली आणि असे चेकर हळूहळू घरी बसले. पण एका पडद्याच्या जुन्या टॉकीजमध्ये खिडकीवर रोख पैसे देऊन तिकीट काढणारे लोक अजून आहेत, म्हणून शिगवणही अजून आहेत.

मूळचे ते चिपळूणकडचे. तरुणपणी वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात टर्नर होते. कारखान्याला कुलूप लागलं, तेव्हा त्र्यंबकराव नावाच्या वितरकाने त्यांना ठेवून घेतलं. त्र्यंबकराव नौपाड्यातले जुने, शिकलेसवरलेले, पांढरा सदरा कधी न चुरगळणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "शिगवण, एक लक्षात ठेवा. टॉकीजचा चहा प्यायचा नाही. लाच नोटेपासून सुरू होत नाही, कपापासून सुरू होते." शिगवणांनी ते असं काही मनावर घेतलं की दुसऱ्या दिवशी थर्मास विकत आणला. तेव्हापासून थर्मास चार बदलले असतील, पण टॉकीजच्या कपाला त्यांनी ओठ लावला नाही. त्र्यंबकराव ही गोष्ट घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे. ठाण्यापासून कर्जतपर्यंतच्या सिनेमावाल्यांत शिगवणांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता. "शिगवण म्हणाले ना? मग संपलं," असं वितरकही म्हणत आणि टॉकीजवालेही, तेसुद्धा दात-ओठ खात. आयुष्यभरात शिगवणांनी दुसरं काही फारसं कमावलं नाही. हा शब्द मात्र कमावला, आणि तो त्यांना जिवापाड प्यारा होता.

पकडलेही त्यांनी कमी नाहीत. एका ठिकाणी मध्यंतरात खपलेले समोसे आणि विकली गेलेली तिकिटं यांचा मेळ बसेना, एवढ्यावरून त्यांनी मालकाला कबूल करायला लावलं. दुसरीकडे जनरेटरच्या खोलीतून अख्खं लग्नाचं वऱ्हाड आत सोडणारा डोअरकीपर त्यांनी वऱ्हाडासकट धरला. पण एक माणूस त्यांच्या हाती लागला नव्हता. तो म्हणजे विठ्ठलवाडीच्या सुवर्णरेखा टॉकीजचा मॅनेजर, महेंद्र भोईर.

भोईर कल्याणजवळच्या गावातला, अंगाने आडवा, आवाजाने मोठा, आणि शिगवणांच्या मते नको तितका हसतमुख. शिगवण वीस-बावीस वर्षं सुवर्णरेखावर जात होते. रोज भोईर विचारायचा, "शिगवणसाहेब, चहा?" आणि रोज शिगवण म्हणायचे, "आणलाय." एवढ्या वर्षांत भोईरच्या हिशेबात एका तिकिटाचा फरक सापडला नव्हता. दुसरा एखादा माणूस म्हणाला असता, की हा प्रामाणिक असेल. शिगवणांच्या डोक्यात हा विचार फिरकलासुद्धा नाही. बाकीचे सापडले कारण ते मूर्ख होते, हा सापडत नाही म्हणजे हा हुशार आहे, असं त्यांचं सरळ गणित होतं.

मग 'गरुडवीर' आला.

तीन वर्षांपूर्वीचा तो पहिला भाग कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. पंख लावलेला एक काळासावळा पोरगा, झोपडपट्टीवर बुलडोझर आला की उडत यायचा. ना मोठा नट, ना जाहिरात. पण सुवर्णरेखात तो असा काही चालला की विठ्ठलवाडीची पोरं पुठ्ठ्याचे पंख बांधून रांगेत उभी राहायची, आणि बाल्कनीतून कुणी खाली उडी मारू नये म्हणून भोईरला कठड्याला जाळी लावावी लागली. दहा आठवड्यांनी सिनेमा उतरला तेव्हा लोक रागावले.

त्यामुळे दुसरा भाग येणार म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्र्यंबकराव तोवर गेलेले होते. ऑफिस त्यांचा मुलगा सुश्रुत बघत होता. सुश्रुत एमबीए, बोलायला मऊ, पण आकडे बोलायला लागला की त्याच्या डोळ्यांत चमक यायची. या भागाचे ठाणे जिल्ह्याचे हक्क त्याने अशा भावाला घेतले की जुन्या लोकांनी ऐकून नुसते डोळे मिटले. यूट्यूबवर रोज कुणीतरी सांगत होतं की पहिल्या तीन दिवसांत सगळे विक्रम मोडणार. सुश्रुतने शिगवणांना ठाण्याला बोलावून घेतलं.

"काका, पहिल्या भागाला सुवर्णरेखाने जे दिलं, त्याच्या दीडपट मी धरलंय. कमीत कमी. सीक्वेल आहे, लोकांना कॅरेक्टर माहितीय, त्यामुळे ओपनिंग मोठंच येणार. दीडपटीच्या खाली आलं, तर समजायचं गळती आहे. आणि गळती कुठे आहे ते तुम्ही शोधायचं."

गळती हा शब्द ऐकून शिगवणांना आतून गुदगुल्या झाल्या. सिनेमा धो धो चालणार याबद्दल त्यांच्याही मनात शंका नव्हती. आयुष्यात बहुधा ही एकच गोष्ट अशी, जिच्यावर त्यांनी शंका घेतली नाही. एवढी गर्दी, एवढी रोकड, म्हणजे भोईरचा हात यावेळी कुठेतरी घसरणारच. परत येताना रिक्षात ते स्वतःशीच हसले, आणि रिक्षावाला आरशातून बघतोय हे लक्षात आल्यावर लगेच गंभीर झाले.

शुक्रवारी सकाळचा खेळ बरा गेला. पोरं आली, शिट्ट्या झाल्या, कागदाचे तुकडे उडाले. दुपारच्या खेळाला बाल्कनीत माणसं अशी विरळ बसली होती, जशी काही एकमेकांशी भांडण झालंय. संध्याकाळचा खेळ शुक्रवारचा असूनही अर्धा भरला नाही. भोईरने आकडा सांगितला. तो दीडपट तर सोडाच, पहिल्या भागाच्या निम्म्यालाही पोचत नव्हता.

"बाकीचे कुठे आहेत?" शिगवणांनी विचारलं.

"कोण बाकीचे?"

"प्रेक्षक."

"घरी," भोईर म्हणाला. "शिगवणसाहेब, आलेच नाय तर मी काय ओढून आणू?"

शिगवण हसले. त्यांच्या या हसण्याला टॉकीजवाले शिव्यांपेक्षा जास्त घाबरत.

शनिवारी त्यांनी कंबर कसली. जनरेटरची खोली बघितली, मागचं फाटक बघितलं, पोस्टर ठेवायच्या माळ्यावर चढून तिथली धूळ किती दिवसांची आहे ते बोटाने बघितलं. सकाळच्या खेळाला अंधार झाल्यावर टॉर्च खाली धरून रांगेरांगेतून फिरले आणि पाय मोजले. पाय मोजणं ही शिगवणांची खास पद्धत. डोकी फसवतात, कुणी झोपलेलं असतं, कुणी खाली घसरलेलं असतं, जोडपी एकमेकांच्या खांद्यावर असतात. पाय मात्र जमिनीवरच असतात. पाय भागिले दोन, तिकिटांशी तंतोतंत जुळलं. वर त्यांनी स्वतःच्या बायकोलाच गिऱ्हाईक म्हणून खिडकीवर पाठवलं होतं. बुकिंग क्लार्क रोख पैसे घेऊन कॉम्प्युटरचं तिकीट देतो की हातचं चिटोरं, हे बघायला. लक्ष्मीबाई खरंखुरं तिकीट आणि कपाळावर आठी घेऊन बाहेर आल्या.

"तिकीट बरोबर आहे. पण मला आत बसवायचं काय कारण होतं? मागच्या वेळी तो मुलगा उडायचा. या वेळी नुसता रडतोय. त्याचा बाप कोण, आजोबा कोण, पंख कुठून आले, हेच चाललंय. मध्यंतरापर्यंत जमिनीवरून उठलाच नाही मेला."

शेजारून जाणाऱ्या दोन पोरांनी मान डोलावली. "बरोबर बोलल्या काकी," त्यातला एक म्हणाला. "पकवला रे पूर्ण. मोबाइलवर येईल तेव्हा पळवत पळवत बघायचा."

शिगवणांनी बायकोला घरी पाठवलं आणि पायरीवर बसले. माळा, फाटक, खिडकी, पाय, सगळं बघून झालं होतं. गळती नव्हती. माणसं चोरीला गेली नव्हती, ती आलीच नव्हती. अख्ख्या आयुष्यात त्यांनी लपवलेली माणसं शोधली होती. न आलेल्या माणसांचं काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी सुश्रुतला फोन लावून सांगितलं, "पिक्चर पडलाय. चोरी नाही." पलीकडून नुसतं "हं" आलं आणि फोन बंद झाला.

सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, वर साखरेचं दुखणं. उठायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. भोईरने त्यांना धरून केबिनमध्ये नेलं, पाय उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवले, पंखा लावला आणि कँटीनमधून दुप्पट साखरेचा चहा मागवला. थर्मास बाहेर पायरीवरच राहिला होता. शिगवण नको नको म्हणत होते, पण ओठ पांढरे पडले होते. भोईरने कप त्यांच्या हातात दिला आणि दरडावलं, "प्या आधी. मेलात तर माझ्यावरच नाव येईल." दोन घोट गेले तसा जिवात जीव आला. तिसरा घोट घ्यायला त्यांनी कप वर नेला आणि दार उघडून सुश्रुत आत आला.

सुश्रुत ठाण्याहून मुद्दाम न सांगता आला होता. त्याने पंखा बघितला, खुर्चीवरचे पाय बघितले, आणि मग कप बघितला. सुवर्णरेखाच्या कपावर निळी रेघ असते. शिगवणांना तो कप खाली ठेवता येईना आणि पिताही येईना.

"चक्कर आली होती," ते म्हणाले.

"हो का?" सुश्रुत म्हणाला. आवाज मऊच होता. "बाबा नेहमी सांगायचे, शिगवणांनी टॉकीजचा चहा कधी घेतला नाही. लहानपणी मला ही गोष्ट फार आवडायची."

"साहेब, त्यांना दरदरून घाम फुटलेला, मीच त्यांना जबरदस्तीने..." भोईर सांगायला लागला.

"तुम्ही नका बोलू," सुश्रुत म्हणाला. मग शिगवणांकडे वळला. "काका, नेमकं आजच तुम्ही यांच्या केबिनमध्ये बसलात. आजच यांचा चहा घेतलात. आणि आजच मला फोन करून सांगताय की चोरी नाही."

शिगवणांनी ते मनात उलटसुलट करून बघितलं. या बोलण्यात त्यांना एकही भोक सापडेना. सुश्रुतच्या जागी ते असते, तर अगदी असेच, याच क्रमाने बोलले असते. भोईर जसजसा त्यांची बाजू घेत होता तसतसं प्रकरण जास्तच काळं दिसत होतं, हेही त्यांना दिसत होतं. लाज वाटली, आणि लाज कशाची वाटतेय हेच कळेना म्हणून जास्त वाटली.

संध्याकाळी सुश्रुतचा फोन आला. या वेळी आवाजात समजुतीचा सूर होता. "काका, झालं ते झालं. तुम्ही फक्त एवढंच लिहून द्या, की सुवर्णरेखात गळती आहे. तुमच्या शब्दावर टॉकीजच्या मालकाची नाही म्हणायची हिंमत होणार नाही. माझं थोडं तरी भरून निघेल आणि आपण चहाचा विषय विसरून जाऊ."

बघा आता गंमत. खोटं बोलले असते तर त्यांचा शब्द शाबूत राहिला असता. खरं बोलत होते म्हणून तो जात होता. भोईरला चोर ठरवायची संधी बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ताटात वाढून पुढे केली होती, आणि शिगवणांना घास गिळवेना.

"गळती नाहीये, सुश्रुतसाहेब. नाही ते कसं लिहू?"

"मग मला दुसरा माणूस पाठवावा लागेल," सुश्रुत म्हणाला.

रविवारी दुपारच्या खेळाला दिवे मालवल्यावर शिगवण बाल्कनीखालच्या स्टॉलच्या दाराशी उभे होते. वर बाल्कनीत त्यांना टॉर्च दिसला. तो पडद्याकडे नव्हता की जिन्याकडे नव्हता. जमिनीलगत, रांगेरांगेतून सरकत होता. कुणीतरी पाय मोजत होतं. या जिल्ह्यात पाय मोजायला त्यांनी एकाच माणसाला शिकवलं होतं. तो बदलापूरचा रतन. कामाला लागला तेव्हा शिगवणांनी त्याला वर्षभर बरोबर फिरवलं होतं, त्याच्या लग्नात हे मांडवात पंगतीला वाढत होते.

मध्यंतरात ते वर गेले. रतन शेवटच्या रांगेत बसला होता, खाली मान घालून.

"किती भरले?" शिगवणांनी विचारलं.

"तानाजीदादा, तुम्हाला सांगता येणार नाय. माहितीय तुम्हाला."

"माहितीय." शिगवण त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. सवयीने थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि पुढे केला. "घे. घरचा आहे, टॉकीजचा नाही."

रतनने झाकणाकडे बघितलं. मग पडद्याकडे बघितलं, पडद्यावर तेव्हा पानमसाल्याची जाहिरात चालू होती. "नको दादा," तो म्हणाला. "आज नको."

शिगवणांना राग यायला हवा होता. रतनने योग्य तेच केलं होतं, त्यांनीच शिकवलेलं. पण तो झाकणभर चहा परत थर्मासात ओतताना थोडा पँटवर सांडला. खाली जाताना जिन्यात त्यांना वाटलं, सगळ्या डोअरकीपरना माहीत आहे.

सोमवारी संध्याकाळी सुश्रुतने कळवलं, "काका, क्लिअर आहे. रतनचा रिपोर्टही तोच आहे. मनावर घेऊ नका हां, डबल चेक करावंच लागतं." आणि मग बुडालेल्या पैशांबद्दल, फसवणाऱ्या यूट्यूबवाल्यांबद्दल तो बराच वेळ बोलत राहिला. शिगवणांनी त्यातलं काही ऐकलं नाही. ते तसेच भोईरच्या केबिनमध्ये शिरले आणि दार लावून घेतलं.

"माझ्यावर संशय!" ते म्हणाले. "मी! या तानाजी शिगवणवर! त्याच्या बापाने माझ्या शब्दावर लाखालाखाचे हिशेब मिटवले. हा कालचा पोरगा माझ्या मागे माणूस लावतो? कुणाला? तर रतनला! दोन रात्री मी झोपलो नाही, भोईर. जेवताना वाटतं, बायकोपण बघतेय माझ्याकडे. काय चूक होती माझी? चक्कर आली ही?"

ते बराच वेळ बोलले. भोईर ऐकत होता. तोंडावर नेहमीचं हसू नव्हतं. शिगवणांचा दम संपल्यावर त्याने विचारलं,

"किती दिवस झाले तुम्हाला?"

"कशाला?"

"संशयाखाली."

"शनिवारपासून."

"शनिवार, रविवार, सोमवार." भोईरने मान हलवली. "मला बावीस वर्षं झाली, शिगवणसाहेब. आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा तुम्ही विचारलंत, कितीला घेतला. पोरीला इंजिनीअरिंगला टाकली तेव्हा विचारलंत, फीचं कसं काय जमवलं. आई गेली माझी, तेव्हा तुम्ही सांत्वनाला आलात आणि घराची फरशी किती भारी आहे ते बघत होतात, मी बघितलंय. वाईट वाटायचं. मग सवय झाली. तुम्हाला निदान सोमवारी फोन आला, क्लिअर आहे म्हणून. मला कधी कुणी केला?"

शिगवण गडबडले. "मी नेहमी ऑफिसात सांगत आलोय, तुमच्याकडे कधी काही सापडलं नाही."

"सापडलं नाही," भोईर म्हणाला. "केलं नाही असं कधी म्हणालात?"

आता हे म्हणायला काय हरकत होती? समोर बसलेल्या माणसाने परवा त्यांना मरता मरता वाचवलं होतं. शिगवणांनी म्हणायचा प्रयत्न केला, देवाशपथ केला. पण त्यांच्या डोक्यात त्याच क्षणी पडद्यामागचं एक छोटं दार आलं, जे त्यांनी शनिवारी बघायचं राहून गेलं होतं. ते बघितल्याशिवाय म्हणायचं कसं? भोईर समोरच्या कामाला लागला.

घरी त्यांनी हे लक्ष्मीबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या.

"म्हणायचं होतं ना सरळ, की तुम्ही चोर नाही," त्या म्हणाल्या.

"पुरावा काय?"

"बावीस वर्षं तिथे जाऊन तुम्ही काय करत होतात मग? सिनेमे बघत होतात?" लक्ष्मीबाईंनी मेथीची काडी मोडली. "तुमच्यासारखा माणूस बावीस वर्षं शोधतो आणि त्याला काही मिळत नाही. याच्यापुढे अजून कसला पुरावा हवा? आणि त्याला तरी निदान तपासून घ्यायचा पगार मिळत होता. माझ्या बाजाराच्या पिशव्या तुम्ही फुकटात तपासल्यात."

शिगवण उठले. गॅलरीत जाऊन उभे राहिले.

दुसरा गरुडवीर गुरुवारी उतरला. त्याच्याबरोबर सुवर्णरेखाही उतरली म्हणायला हरकत नाही, कारण मालकाने या सिनेमाच्या आशेवर वर्षभर थांबवून ठेवलेला बिल्डर पुढच्याच महिन्यात टॉकीज पाडण्याआधी भोवती पत्रे ठोकायला आला. सुश्रुतने चेकर ठेवायचे बंद केले. शिगवणांना एक शाल आणि श्रीफळ मिळालं, शाल नवी आहे का ते त्यांनी बघितलं नाही. भोईरला मात्र घरी बसून चालणार नव्हतं, पोरीचं शेवटचं वर्ष बाकी होतं. तो नोकरीच्या शोधात आहे एवढं शिगवणांच्या कानावर आलं होतं. फोन करावा असं रोज वाटायचं. करून काय बोलायचं, ते ठरत नव्हतं.

एका दुपारी त्यांच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला. शिगवण अनोळखी नंबर उचलत नाहीत. पण दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.

"नमस्कार सर, तानाजी शिगवण बोलताय का? मी कादंबरी." मुलीने डोंबिवलीत नव्याने झालेल्या एका मल्टिप्लेक्सचं नाव सांगितलं. "आमच्याकडे महेंद्र भोईर म्हणून एकांनी ड्युटी मॅनेजरसाठी अप्लाय केलंय. त्यांनी तुमचा नंबर नाही दिला सर, पण मार्केटमध्ये आम्ही ज्यांना ज्यांना विचारलं, सगळे म्हणाले शिगवणांना विचारा. कॅशची जबाबदारी आहे, म्हणून. त्यांच्याकडे कधी काही गडबड सापडली होती का?"

"सापडलं नाही," शिगवण म्हणाले. बावीस वर्षांची जिभेची सवय, आपोआप गेलं.

"ओके सर. काही सापडलं नाही." पलीकडे की-बोर्डची टकटक ऐकू आली.

"थांबा," शिगवण म्हणाले. "तसं लिहू नका."

टकटक थांबली. पडद्यामागचं ते छोटं दार शिगवणांच्या डोळ्यांपुढे आलं, नेहमीसारखं. आता ते दार राहिलं नव्हतं, टॉकीजच राहिली नव्हती, ते बघायची संधी कायमची गेली होती. बघितल्याशिवायच बोलायचं होतं.

"लिहा, त्यांनी कधी केलं नाही. एका तिकिटाचंसुद्धा नाही. मी सांगतो."

मग त्या मुलीने विचारलं, आणि तो सूर शिगवणांनी तत्काळ ओळखला, कारण आयुष्यभर तो त्यांचा स्वतःचा होता.

"सर, सॉरी हां, पण एवढं खात्रीने कुणी सांगत नाही. तुम्ही त्यांचे कोण? मित्र, नातेवाईक?"

"मित्र नाही," शिगवण म्हणाले. "बाई, बावीस वर्षं मी त्या माणसावर पाळत ठेवून होतो. त्याला चोर ठरवायची माझ्याइतकी इच्छा जगात दुसऱ्या कुणालाच नव्हती."